सिंहासनावरून उतरलेला श्रोता

चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारोदारी गुढ्या उभ्या राहतात आणि त्याच दिवशी रामभक्तांच्या देवघरांत श्रीरामाचे नवरात्र बसते. येथे पंचवटीत, श्रीकाळारामाच्या सान्निध्यात, या नऊ दिवसांत टाळ-मृदंगाचा नाद कानांवरून सरत नाही. मंदिरात कीर्तने-प्रवचने चालतात. घरी सायंकाळच्या आरतीनंतर कोणी पद म्हणते, कोणी पाळण्याची तयारी करते. नवमीला माध्यान्ही जन्मकाळ होतो, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. याच दिवसांत कित्येक घरांतून एखाद्या मुलाला वा मुलीला हुकूम सुटतो : "या वर्षी पाळणा तू म्हणायचास हं!" हुकूम सोडणाऱ्यांस त्यात कौतुक वाटते. ज्याला तो मिळतो त्याची मात्र त्या रात्रीची झोप उडालेली असते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

घरच्या माणसांपुढे प्रथम गाताना जे भय वाटते, त्याविषयी चार शब्द लिहावेत असे यंदा मनात आले. चाळीस वर्षांहून अधिक काळ आम्ही कीर्तनसेवेच्या निमित्ताने गावोगाव हिंडलो, सहस्रावधी अपरिचित श्रोत्यांपुढे उभे राहिलो. पण आमच्या आयुष्यातील सर्वांत कठीण सभा कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही आमच्या घराच्या माजघराकडे बोट दाखवू.

ओळखीच्या डोळ्यांचे भय

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाने आपल्या देहाची जी अवस्था कथन केली आहे, ती वाचकांस ठाऊक आहेच. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, रोमांच उठले, हातातून गांडीव निसटू लागले. हे सारे केव्हा घडले? शत्रूचे सैन्य किती हे मोजताना नव्हे. समोर आजोबा, गुरू, मामा, बंधू, सासरे उभे आहेत हे पाहिल्यावर घडले. तेथे शब्द आला आहे तो 'स्वजन'. अर्जुनाचा विषाद धर्मसंकटातून जन्मला होता आणि आमच्या घरच्या बालगायकाचा प्रश्न एका पदापुरता असतो, हे अंतर आम्ही विसरत नाही. परंतु देहाची भाषा दोन्ही ठिकाणी एकच आहे, आणि दोन्ही ठिकाणी समोर आहेत ते स्वजनच.

परका श्रोता आपणांस गाणारा म्हणून पाहतो. त्याला आपला पूर्वेतिहास ठाऊक नसतो. घरच्या माणसाने मात्र आपले बोबडे बोल ऐकलेले असतात, आंबेडाळ चोरून खाल्ल्याबद्दल आपला कान धरलेला असतो, आणि कालच्या सरावातील चूकही भिंतीपलीकडून ऐकलेली असते. शिवाय परका नाराज झाला तर उठून जातो. घरचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला समोरच असतो. म्हणून हे भय खोटे नव्हे. 'घरच्यांना काय भ्यायचे?' असे म्हणून त्याची वासलात लावता येत नाही.

आमचे पहिले कीर्तन

सन १९७४. आम्ही चौदा वर्षांचे होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात गायलो होतो, शेजारच्या मठात पदे म्हटली होती. भीती म्हणून ठाऊक नव्हती. त्या वर्षी तीर्थरूपांनी ठरविले, की अष्टमीच्या रात्री घरात आमचे पहिले कीर्तन व्हावे. तीर्थरूप स्वतः व्यासंगी कीर्तनकार. आजी, काका, परगावाहून आलेली आत्या, चुलत भावंडे अशी वीस-पंचवीस माणसे जमली. जाजम अंथरले गेले, समया लागल्या, पेटीवर काका बसले. आम्ही उपरणे सावरून उभे राहिलो, समोर पाहिले आणि नमनाचा पहिला स्वर लावला.

तो लागलाच नाही. नुकताच कंठ फुटू लागला होता; आवाज क्षणात वर, क्षणात खाली पळे. आणि आम्ही हट्टाने लहानपणचीच काळी चार धरून ठेवलेली! स्वर चिरकला. मागे बसलेल्या भावंडांत खसखस पिकली. आत्याने तोंडाला पदर लावला. आमच्या हातातील चिपळ्या इतक्या थरथरत होत्या, की त्या न वाजविताच वाजत होत्या.

तीर्थरूप झोपाळ्यावर बसले होते. आमच्या घरातील सर्व परीक्षा त्या झोपाळ्यावरूनच होत असत. ते उठले. आम्हांस वाटले, संपले सारे. ते पुढे आले, खुंटीवरचे टाळ काढून घेतले आणि आमच्या मागे जाऊन साथीला उभे राहिले. काकांना हलक्या आवाजात म्हणाले, "पांढरी दोन धरा." मग त्यांनी स्वतःच नामघोष सुरू केला. सारे घर त्यात सामील झाले. हसणारी भावंडेही टाळ्या वाजवू लागली. त्या घोषात आमचा आवाज कोठे हरवला ते कळले नाही. घोष थांबला तेव्हा मात्र तो सापडला होता.

पूर्वरंग कसाबसा पार पडला आणि मध्यंतर झाले. नारदीय परंपरेत कीर्तनकार जेथे उभा राहतो ती जागा नारदांची गादी मानली जाते. मध्यंतरात यजमानाने त्यास बुक्का लावावा, हार घालावा, नमस्कार करावा, असा शिरस्ता आहे. येथे यजमान म्हणजे तीर्थरूपच. त्यांनी आम्हांस हार घातला आणि खरोखरच वाकून नमस्कार केला. पिता पुत्रापुढे वाकलेला पाहून आम्ही संकोचाने मागे सरलो. ते कानाशी येऊन म्हणाले, "सरू नकोस. हा नमस्कार तुला नाही, गादीला आहे. तू मध्ये येऊ नकोस."

या एका वाक्याने आमचे भय गेले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. उत्तररंगातही पाय कापतच होते. परंतु त्या कंपाचा अर्थ बदलला. ही सारी माणसे आपली परीक्षा घेण्यास बसली आहेत, या कल्पनेच्या जागी ती रामकथा ऐकण्यास बसली आहेत ही गोष्ट प्रथमच ध्यानी आली. रामजन्माचे आख्यान पुरे झाले तेव्हा आजीचे डोळे भरले होते. ते आमच्या गाण्याने नव्हते भरले. पाळण्यात राम आला म्हणून भरले होते.

वाल्मीकींनी काय सांगितले?

पुढे संस्कृताचे अध्ययन करताना वाल्मीकिरामायणातील एका प्रसंगापाशी आम्ही थबकलो. पित्यापुढे पुत्रांनी केलेले पहिले गायन कोणते? कुश-लवांचे! १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणाचा प्रारंभही याच प्रसंगाने झाला, हे जुन्या श्रोत्यांस स्मरत असेल.

उत्तरकांडात अश्वमेधाच्या वेळी वाल्मीकी या दोन बालकांस ज्या सूचना देतात, त्या कोणत्याही संगीतगुरूने मनावर कोराव्यात अशा आहेत. ते मुलांना एकदम राजापुढे उभे करीत नाहीत. ऋषींच्या निवासस्थानी गा, रस्त्यांवर गा, मग रामाच्या द्वारी गा, असा क्रम सांगतात. दिवसाला वीस सर्ग, अधिक नाही. द्रव्याचा लोभ धरू नका. ही मधुर फळे खात खात गा, म्हणजे श्रम होणार नाहीत. तुम्ही कोणाचे, असे रामाने विचारले तर 'वाल्मीकींचे शिष्य' एवढेच सांगा. आणि वीणेच्या तारा नीट जुळवून 'विगतज्वर' होऊन गा. विगतज्वर म्हणजे अंतरीचा ताप टाकून. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनास युद्धाची आज्ञा देतात तेव्हाही हाच शब्द येतो, हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

'शिष्य एवढेच सांगा' या सूचनेत केवढे शहाणपण आहे पाहा! गाण्याच्या वेळी ती मुले कोणाचे पुत्र म्हणून उभी नव्हती. गुरूने दिलेली कथा पोहोचविणारे शिष्य म्हणून उभी होती. तीर्थरूपांचे 'तू मध्ये येऊ नकोस' आणि महर्षींची ही आज्ञा यांत आम्हांस भेद दिसत नाही.

परंतु याहून अधिक मोलाची गोष्ट बालकांडाच्या चौथ्या सर्गात आहे. तेथे राम सभेत सिंहासनावर बसला आहे, मुले गाऊ लागतात, आणि गायनात रमलेला राम हळूच आसन सोडून श्रोत्यांच्या मेळ्यात येऊन बसतो, असा टीकाकारांनी अर्थ लावला आहे. राजा राजा राहिला असता तर मुलांना राजापुढे गावे लागले असते. तो श्रोता झाला, म्हणून ती कथा गाऊ शकली. झोपाळ्यावरून उठून टाळ घेणारे तीर्थरूप आम्हांस त्या ओळींत पुन्हा दिसले.

आमचा अपराध

एवढे सारे वाचले, सांगितले, कीर्तनांतून रंगविले. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्ही चुकलो. हे लिहिणे सुखाचे नाही, पण न लिहिले तर हा लेख निव्वळ पांडित्य ठरेल.

सन १९९७च्या नवमीला आमचे चिरंजीव प्रथम घरच्या मंडळींपुढे गाण्यास बसले. वय बारा. स्वतःच पेटी घेतली होती. दुसऱ्या अंतऱ्यात त्यांचा गांधार किंचित चढा लागला. आम्ही भर गाण्यात हात वर करून त्यांस थांबविले आणि सर्वांदेखत तो स्वर तीन वेळा घोटून घेतला. तिसऱ्या वेळी तो अचूक लागला. आम्हांस समाधान वाटले! पद पुरे झाले, चिरंजीवांनी पेटीचा भाता बंद केला, आणि त्यानंतर ते आमच्यापुढे कधी गायले नाहीत. स्वर सुधारला, गाणे गेले. त्यांना गोडीच नाही, अशी आम्ही पुष्कळ वर्षे स्वतःची समजूत घालीत होतो. पुढे एकदा सूनबाईंच्या बोलण्यातून सहज कळले, की रात्री मुलीला झोपविताना ते तासभर गात असतात.

गाणाऱ्यांस आणि ऐकणाऱ्यांस

तेव्हा या नवरात्रात जे प्रथमच गाणार आहेत त्यांस आमचे सांगणे असे. पद लहान आणि मुरलेले निवडा. कालच बसविलेले आज म्हणू नका. स्वर आपल्या आवाजाला पेलेल तो धरा, दुसऱ्याच्या मोठेपणाचा नको. आधी एकट्या देवापुढे म्हणा, मग घरातील ज्या एका माणसापाशी मन मोकळे होते त्याच्यापुढे म्हणा, मग सर्वांपुढे. बसताना तोंड देवाकडे ठेवा, मंडळी दोन्ही अंगांस बसू देत. नवमीचा उपवास असला तरी रित्या पोटी घसा ताणू नका. महर्षींनीही मुलांना फळे दिली होती. चूक झाली तर थांबू नका, ध्रुपदावर परत या. ध्रुपद असते ते त्याचसाठी. आणि अंगाला कंप सुटला, घाम आला, स्वर दाटला, तर घाबरू नका. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव गणले आहेत, त्यांत स्वेद, कंप, स्वरभंग हे सारे आहेत, आणि भक्तिमार्गाने तीच प्रेमाची लक्षणे मानली आहेत. थरथर तीच असते. ती माणसांकडे तोंड करून उभी असेल तर भय होते, देवाकडे वळली तर भाव होतो.

वडीलधाऱ्यांस मात्र याहून अधिक सांगावयाचे आहे, कारण भयाचा निम्मा भाग त्यांच्या हाती आहे. त्या दिवशी चूक दाखवू नका. शिकविण्यास वर्षाचे इतर दिवस आहेत. शेजारच्या मुलीशी तुलना नको. 'काल बरे म्हटले होतेस' हेही नको. आजकाल मूल तोंड उघडते न उघडते तोच चार मोबाइल त्याच्यापुढे धरले जातात. ते बाजूला ठेवा. ध्रुपदाला आवाज द्या. टाळ येत असेल तर टाळ घ्या. थोडक्यात, झोपाळ्यावरून उतरा.

गेल्या चैत्रात चिरंजीव सहकुटुंब आले होते. आमची नात अकरा वर्षांची, शाळेच्या रंगमंचावर शेकडो लोकांपुढे निर्भयपणे गाणारी. नवमीला पाळणा तिने म्हणावा असे ठरले. जन्मकाळाला थोडा अवधी होता तेव्हा ती आमच्यापाशी आली आणि खाली पाहत म्हणाली, "आजोबा, मी म्हणेपर्यंत तुम्ही ओट्यावर बसाल का?"

आम्ही ओट्यावर जाऊन बसलो. आयुष्यभर गादीवर मान घेतलेल्या माणसास ही जागा त्याच्या नातीने दिली होती, आणि ती योग्यच होती. खिडकीतून स्वर येत होता; प्रथम बारीक, चाचपडत, मग स्थिर. दोन कडवी झाली असतील. ती दारात आली आणि म्हणाली, "आता आत आलात तरी चालेल."

आम्ही टाळ घेतले आणि सर्वांच्या मागे जाऊन बसलो. ध्रुपद सर्वांनी उचलले. त्या आवाजांत खालच्या सप्तकातला एक पुरुषी आवाज होता. तो आम्ही अठ्ठावीस वर्षांनी ऐकत होतो. गांधार कसा लागला ते आम्ही पाहिले नाही.

यंदाच्या नवमीला ज्या ज्या घरी एखादा नवा कंठ प्रथम उघडेल, तेथे तो विगतज्वर होऊन गावो, आणि तेथील वडीलधाऱ्यांस सिंहासनावरून उतरण्याची बुद्धी होवो, हीच श्रीरामचरणी प्रार्थना.