तिथीची पाऊणपट आणि सर्जनशील विचार

उरणजवळचे मोरा बंदर आणि मुंबईचा भाऊचा धक्का यांच्यामधील लाँचच्या फेऱ्यांवर छापील वेळापत्रकाइतकीच समुद्राचीही सत्ता चालते. मोठ्या ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याजवळ पाणी उथळ होते आणि प्रवाशांना ताटकळावे लागते. उरणच्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही. मात्र उद्या ओहोटी किती वाजता लागेल आणि ती रोज थोडी उशिराच का लागते, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. भूगोलाच्या पुस्तकातील भरती-ओहोटीची व्याख्या पाठ होते, परीक्षेत उतरते. समुद्र खिडकीबाहेरच राहतो.

शाळांतून सर्जनशीलतेला उत्तेजन द्यावे, असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु चित्रकला, हस्तकला आणि स्नेहसंमेलन एवढ्यावर ती पुष्कळदा आटोपते. वास्तविक एखाद्या प्रश्नाची अनेक उत्तरे सुचणे, ती पारखून घेणे आणि त्यांत सुधारणा करणे, हा सर्जनशील विचाराचा गाभा होय. 2022 साली 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची हीच क्षमता प्रथमच मोजली गेली आणि त्यात सिंगापूर अग्रस्थानी राहिले. भारत त्या फेरीत सहभागी नव्हता. अशा विचाराला गणित व विज्ञान हे विषयही तितकेच जवळचे आहेत, हे उरणच्या किनाऱ्यावरील एका जुन्या हिशेबावरून दाखविता येईल.

तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीचा तास मिळतो, असा कोकणातील दर्यावर्दी लोकांचा आडाखा आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसा तसेच रात्रीही. पाऊणकीचा सराव म्हणून शिक्षकाने हे उदाहरण घातले, तर पाठांतरात आणखी एक भर पडेल, इतकेच. परंतु "हा हिशेब खरा आहे काय आणि तो कसा पडताळाल?" असे विचारले, की वर्गाचा नूर पालटतो. काही मुले घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर धक्क्यावर जाऊन पाण्याची खूण पाहतील, काही वर्तमानपत्रातील भरतीच्या वेळा उतरवून घेतील, काही आजोबांना गाठतील.

पंधरवड्याअखेर गंमत होते. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात. प्रत्यक्ष भरती मात्र बाराच्या सुमारास दिसते. आजोबांचा हिशेब चुकला, असे एखादी मुलगी म्हणेल. पाऊण तासाऐवजी रोज पन्नास मिनिटे धरावीत, असे दुसरा सुचवील आणि त्याचा साडेबाराचा आकडा पुढे सरकलेला आढळेल. रोजची वाढ सारखी नसतेच, हे तिसऱ्याच्या लक्षात येईल. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्याने भरती रोज सरासरी पन्नास मिनिटांनी लांबते, हे शिक्षकाने त्यानंतर सांगावे, आधी नव्हे. येथे कल्पनेला मोकळीक आहे, पण नोंदवहीचा आधार दिल्यावाचून कोणाचेही म्हणणे ग्राह्य नाही.

परिसरालाच शिक्षणाचे साहित्य मानण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर हेच केले. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती बालकांच्या हाती दिली.

उरणच्या बाबतीत या गोष्टीला घाई आहे. 1970 पासून नवी मुंबईसाठी येथील जमिनी संपादित होऊ लागल्या. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या घरांतील जाणत्या पिढीचे ज्ञान तिच्याबरोबरच संपत चालले आहे. कोणत्या कोंडीत खारे पाणी किती दिवस आटवावे, हे ठाऊक असलेला माणूस आज गावात आहे. त्याचा नातू मात्र बाष्पीभवनाची व्याख्या घोकतो. आगरी समाजाचे नावच 'आगर' या शब्दाशी जोडले जाते, ही गोष्टही त्याच्या कानी पडत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचे एकोणतिसावे कलम कृती, शोध आणि जिज्ञासा यांतून अध्ययन व्हावे, असे स्पष्ट सांगते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पंचायत सदस्यांनी अशा जाणत्यांना शाळेपर्यंत आणले, तर त्यास निधी लागणार नाही. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही वह्यांतील उत्तरांबरोबर मुलांनी स्वतः विचारलेले प्रश्न पाहावेत. शिक्षकाला वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. परंतु दाद कशाला मिळते, याकडे पाहूनच तो आपला वेळ वाटून देतो.

भरतीच्या पडताळणीस दिवाळीची सुट्टी सोयीची. पाऊस ओसरलेला असतो आणि लक्ष्मीपूजनाची अमावास्या झाली की बलिप्रतिपदेपासून तिथींची मोजणी आपोआपच एकपासून सुरू होते.