इलेक्ट्रॉन देणार कोण, घेणार कोण?

1836 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी जस्त आणि तांब्याचा विद्युतघट तयार केला. अशा घटात कोणता धातू झिजणार, हे आधीच सांगता येते. त्यासाठी प्रमाण क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचा आकडा, पाहायचा: जस्ताचे उणे 0.76 व्होल्ट, तांब्याचे अधिक 0.34. ज्याचा आकडा कमी, तो इलेक्ट्रॉन देतो. म्हणून जस्ताचे ऑक्सिडीकरण होऊन ते विरघळते. सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याच्या पट्टीकडे जातात. तिथे द्रावणातले तांब्याचे आयन ते घेतात आणि पट्टीवर तांबे साचते, हे क्षपण. दोन्ही आकड्यांतला फरक 1.10 व्होल्ट, तेवढा विद्युतदाब हा घट देतो. चांदीचा आकडा अधिक 0.80, म्हणजे तांबे-चांदीच्या घटात झिजेल ते तांबेच. विद्यार्थ्यांनी एवढे पक्के लक्षात ठेवावे: ऑक्सिडीकरण नेहमी अ‍ॅनोडवर, क्षपण नेहमी कॅथोडवर; डॅनियलच्या घटात जस्त हा अ‍ॅनोड, तांबे हा कॅथोड.