जुन्या नोटेची किंमत कशी ठरते?

नोट जुनी म्हणजे महागच, असे नसते. किंमत ठरते ती दुर्मिळतेवर आणि नोटेच्या अवस्थेवर. एक रुपयाची नोट घ्या. ती १९१७ साली प्रथम निघाली, १९९४ मध्ये छपाई थांबली, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. स्वतंत्र भारतात तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवांची सही असते. सही, साल आणि क्रमांकाआधीची अक्षरे आधी तपासा. मग नोट उजेडासमोर धरा. घड्या, टाचणीची भोके, फाटलेल्या कडा, शाईचे डाग, चिकटपट्टी यांतली प्रत्येक खूण किंमत उतरवते. धुऊन किंवा इस्त्री करून नोट उजळू नका; कागदाचा मूळ कडकपणा जातो आणि जाणकाराच्या ते लगेच लक्षात येते. नोट आहे तशीच, सपाट आणि कोरड्या जागी जपून ठेवा.