जहाज उचलतो कोण?

हजारो टनांच्या जहाजाचा तळ दुरुस्त करायचा, तर ते उचलणार कोण? उचलायचे नाहीच, खालचे पाणी काढून घ्यायचे!

मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत समुद्राची पातळी साडेतीन मीटरांहून अधिक बदलते. भरतीला जहाज गोदीत घ्यायचे, ओहोटीबरोबर पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि दार लावायचे. उरलेले पाणी पंपाने उपसले की जहाज ठोकळ्यांवर टेकते. पुन्हा भरती आली, की बाहेरच्या पाण्याचा दाबच दार घट्ट धरून ठेवतो.

१७३६ च्या सुमारास सुरतेहून आलेल्या लवजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ मधले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. सागवानाची आणि कारागिरीची याहून मोठी परीक्षा कोणती?