लांबची वाट, लवकरची पोच

अंतर जितके कमी, तितका प्रवास लवकर संपावयाचा, हा आपला नित्याचा अनुभव आहे. आकाशमार्गाने जाणाऱ्याला मात्र हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

दिल्ली आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांचे उदाहरण घेऊ. घरात पृथ्वीगोल असल्यास वाचकांनी त्यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरावा. तो उत्तरेकडे झेपावतो, सैबेरियावरून ध्रुववृत्तात खोल शिरतो आणि अलास्का ओलांडून खाली उतरतो. हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. परंतु उंच पर्वतरांगा, ध्रुवाकडील कडाक्याची थंडी, उतरण्याजोग्या विमानतळांची विरलता आणि इतर देशांच्या आकाशातून जाण्याच्या परवानग्या, या साऱ्यांचा विचार करून विमानाला वाट वाकडी करावी लागते.

एअर इंडियाने ही थेट सेवा २०१५ च्या डिसेंबरात सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती. २०१६ च्या ऑक्टोबरात तेच विमान पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले; प्रवास मात्र साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी संपला!

हे घडले कसे? जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे प्रवाह वाहत असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरांवर जातो. पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला त्यांच्याशी झुंजावे लागते. पूर्वेकडे निघालेल्याला तेच पुढे रेटतात. वेळ वाचला की इंधनही वाचते. परतीचे विमानही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून आले, तर जाता-येता पृथ्वीप्रदक्षिणाच पूर्ण होते.

आता घड्याळाकडे वळू. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेबारा. समजा, हिवाळ्यात रात्री अडीच वाजता दिल्लीहून निघालेले विमान साडेचौदा तासांनी पोहोचले. त्या वेळी आपल्याकडे सायंकाळचे पाच वाजलेले असतील. तेथे मात्र त्याच तारखेचे पहाटेचे साडेतीन. तिकिटावरील वेळा त्या त्या गावच्या असतात. त्यांची नुसती वजाबाकी केली, तर एवढा प्रवास एका तासात झाला असे वाटेल! म्हणून परदेशी निघालेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईवडिलांनी पोहोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत बदलून घ्यावी. उगाच जिवाला घोर लागणार नाही.

वारा पाहून पाठ द्यावी, ही म्हण एरवी संधिसाधूंना उद्देशून वापरतात. वैमानिकाच्या बाबतीत मात्र तेच शहाणपण ठरते.