आधी वर बघा

गॅलरीत शिरल्यावर आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. लोक कुठून आत येतील, कुठे थांबतील, फोटो कुठून काढतील, असं आमचं चाललं होतं. मंडपवाल्या मामांनी मात्र दाराशी चपला काढल्या आणि थेट मान वर केली. हातात लांब बांबू होता. त्यांनी छताला टकटक केलं, दोन पावलं सरकून पुन्हा टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"ताई, हे छत नाही, हा पडदा आहे," मामा म्हणाले. "खरं छत याच्या वर. ते आधी दाखवा, मग बोलू."

माझ्या शिल्पकार मैत्रिणीचं प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं. सोलापूरकडच्या बंद पडलेल्या मागांचे १८० लाकडी धोटे तिनं दोन वर्षं हिंडून जमवले होते. माग चालू असताना धोटा ताण्यातून इकडून तिकडे झेपावतो. ती झेप तिला हवेत थांबवून दाखवायची होती. गॅलरीवाल्यांनी फोनवर "वर स्लॅब आहे" असं सांगितलं होतं. स्लॅब होताही, पण त्याच्या दीड फूट खाली पीओपीचं खोटं छत होतं, आणि त्यावर कुणी एक धोटाही टांगू नये. तिनं रेखाटनं केली होती, प्रकाशाचा विचार केला होता, निमंत्रणपत्रिकाही छापून आली होती. छताकडे मात्र कुणी बघितलं नव्हतं.

त्या तीन आठवड्यांत मी या कामात मदतनीस म्हणून राबले आणि माझं एक मत पक्कं झालं. टांगलेली कलाकृती छतापासून सुरू होते. ती कलाकाराच्या कार्यशाळेत पूर्ण होऊन गॅलरीत येत नाही. तिचा अर्धा भाग त्या वास्तूतच घडतो.

छताचे प्रकार सांगायला फार वेळ लागत नाही. सिमेंटचा स्लॅब असेल तर ड्रिलनं भोक पाडून अँकर फास्टनर बसवतात. भोकातली पूड फुंकून साफ काढली नाही तर फास्टनरची पकड अर्धवट राहते, आणि भोक तुळईच्या अगदी कडेला घेतलं तर काँक्रीटचा टवका उडतो. घरातल्या पंख्याचा हूक मजबूत असतो, कारण तो स्लॅब ओततानाच सळईला अडकवलेला असतो. जुन्या लाकडी छतात भार वाशांवर आणि तुळयांवर द्यायचा, मधल्या फळ्यांवर कधीच नाही. वारसा इमारतीत तर बहुधा भोक पाडायची परवानगीच मिळत नाही. तिथे जमिनीवर खांब उभे करून वर आडवी कैची टाकायची आणि सगळा भार जमिनीवर उतरवायचा. मंडपाचं शास्त्र तेच आहे, म्हणूनच आम्ही मामांना बोलावलं होतं.

आम्ही खोट्या छताचे चार चौकोन कापले आणि वरच्या स्लॅबला चार हूक घेतले. त्यांना सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद अशी लोखंडी चौकट टांगायची आणि चौकटीच्या जाळीला धोटे बांधायचे, असं ठरलं. आता हिशेब. बांधणीसकट एक धोटा साधारण ४०० ग्रॅम, म्हणजे १८० धोट्यांचे ७२ किलो. चौकट आणि जाळी मिळून ४८ किलो. एकूण १२० किलो. चार दोर आहेत, तेव्हा प्रत्येकावर ३० किलो, असं मी वहीत लिहिलं. मामांनी ते खोडायला लावलं.

"चार पायांचं टेबल डुगडुगतं ना? तेव्हा ते किती पायांवर उभं असतं?"

दोन. ताठ चौकट चार दोरांवर टांगली की एखादा दोर किंचित लांब पडतो आणि सगळं वजन समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन दोरांवर येतं. म्हणजे प्रत्येक दोरानं ६० किलो पेलायला हवेत. त्याच्या पुढे सुरक्षेची पट. एरवी पाचपट धरतात. खालून माणसं जाणार असतील तर दहापट धरावी. ६० किलोसाठी ६०० किलोला तुटणारा दोर. शाळेतल्या पोरालाही जमेल असं हे गणित आहे, पण ते कागदावर मांडायला कुणीतरी बसावं लागतं.

दुसरं गणित कोनाचं, आणि त्यात भलेभले फसतात. १०० किलोची वस्तू दोन सरळ उभ्या दोरांवर टांगली तर प्रत्येकावर ५० किलो येतात. दोर फाकवून जमिनीशी ३० अंशांचा कोन केला तर प्रत्येकावर पूर्ण १०० किलोंचा ताण येतो. आणखी सपाट करून १० अंशांवर आणले तर तो जवळजवळ २९० किलो होतो. वस्तू तीच, वजन तेच. दहीहंडीचा दोर दोन इमारतींमधून बांधतात तेव्हा जाणती माणसं त्याला झोळ ठेवतात, तो याचसाठी. कपडे वाळत घालायची दोरी खूप ताणली की एका ओल्या चादरीनं भिंतीतला खिळा निघून येतो, तेही याच कारणानं. गॅलरीत मात्र दोर दिसू नयेत म्हणून ते छतालगत सपाट ओढायचा मोह होतो. त्या मोहाला बळी पडू नये.

यानंतर आम्ही जी चूक केली ती सांगायलाच हवी. धोटे आडवे हवे होते आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एका दोऱ्यावर टांगलेली वस्तू स्थिर राहत नाही; एसीची झुळूक लागली की गिरकी घेते. म्हणून प्रत्येक धोट्याला दोन समांतर दोरे, एकूण ३६० दोरे. ते दिसू नयेत म्हणून आम्ही मासेमारीचं नायलॉनचं तंगूस आणलं. एका फळीवर खिळे ठोकून मापं धरली, म्हणजे जोडीतले दोन्ही दोरे नेमके सारखे यावेत. पहिल्या दिवशी चाळीस धोटे लागले. संध्याकाळी दिवे टाकले आणि तंगूस नाहीसं झालं, धोटे खरोखर तरंगायला लागले. आम्ही खुशीत घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर ओळी बिघडलेल्या. काही धोटे दोन बोटं खाली उतरले होते, काही एका टोकाला कलले होते. नायलॉन सततच्या भाराखाली हळूहळू लांबत जातं, हवेतला दमटपणाही शोषतं, आणि गाठीतून किंचित घसरतं. पहिल्या रात्रीत ते सगळ्यात जास्त ताणलं जातं. चाळीसच्या चाळीस धोटे उतरवले. मग पॉलिएस्टरचा विणलेला काळा दोरा आणला, वापरण्याआधी त्याला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बांधून रात्रभर टांगून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी मापं घेतली. दोरा दिसतो, हे खरं. पण मागावर ताणा दिसतोच की. मैत्रीण म्हणाली, हेच बरोबर आहे.

सततच्या भाराखाली पदार्थ हळूहळू लांबत जाण्याचा हा गुण फक्त नायलॉनचा नाही. २००६च्या जुलैमध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या एका बोगद्यातले छताचे काँक्रीटचे फलक कोसळून मोटारीतली एक स्त्री मरण पावली. ते फलक धरणारे अँकर काँक्रीटच्या भोकात इपॉक्सीनं चिकटवलेले होते, आणि चौकशीत निघालं की त्या जातीचं इपॉक्सी कायमच्या ओढीखाली हळूहळू सरकत गेलं होतं. बसवल्या दिवशी ते पक्कंच वाटलं असणार. म्हणून टांगलेल्या कामाची परीक्षा उद्घाटनाच्या संध्याकाळी होत नाही. भार देऊन एक-दोन रात्री मुद्दाम ठेवायचं, आणि प्रदर्शन चालू असेतो दर आठवड्याला शिडी लावून तपासायचं.

जगात ज्यांनी हे काम उत्तम केलं, त्यांच्यात अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकन शिल्पकार मला सगळ्यात जवळचा वाटतो. तो शिकला होता मेकॅनिकल इंजिनिअरिंग. त्याच्या हलत्या शिल्पांना 'मोबाइल' हे नाव मार्सेल द्युशाँनं १९३१मध्ये दिलं. १९५५मध्ये गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून काल्डर अहमदाबादला आला होता आणि तिथे राहून त्यानं शिल्पं केली. मोबाइल रचायचा तर सगळ्यात खालच्या, शेवटच्या दांडीपासून सुरुवात करावी लागते. तिचा तोल सापडला की ती सगळी मिळून वरच्या दांडीचं एक पारडं होते. वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं, हा तराजूचाच नियम. मात्र शेवटी हे सगळं तोलणारा एकच बिंदू असतो आणि तो छतात असतो.

कॉर्नेलिया पार्कर या ब्रिटिश कलावतीनं १९९१मध्ये बागेतलं एक लाकडी खोपटं सामानासकट ब्रिटिश सैन्याकडून स्फोटानं उडवून घेतलं, आणि त्याचे तुकडे एका दिव्याभोवती तारांनी टांगले. स्फोट क्षणात थांबल्यासारखा दिसतो, आणि भिंतींवरच्या सावल्या तुकड्यांहून मोठ्या पडतात. असं काम दर वेळी नव्या जागी तुकडा तुकडा करत पुन्हा उभं करावं लागतं. कुठल्या तारेवर कुठला तुकडा, किती उंचीवर, याची नोंद हाही मग कलाकृतीचाच भाग होतो.

आपल्या मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं 'फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट' हे काम २०१८च्या कोची बिएनालेत आणि २०१९मध्ये व्हेनिसला दाखवलं गेलं. १०० टोकदार सळया, प्रत्येकीत खुपसलेला एक कागद, त्यावर तुरुंगात डांबल्या गेलेल्या कवींच्या ओळी, आणि वर टांगलेले १०० मायक्रोफोन. हे मायक्रोफोन ऐकत नाहीत, बोलतात. उलटी जोडणी करून त्यांचे स्पीकर केले आहेत. एक आवाज सुरू होतो, बाकीचे त्याला साथ देतात. प्रेक्षक त्यांच्यामधून चालतो, आणि आवाज त्याच्या भोवतीनं फिरतो. इथे उंची हाच आशय आहे. मायक्रोफोन चार फूट वर गेले असते तर ते नुसतं सभागृह झालं असतं.

आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला देवमासा. २०१७पासून १८८१च्या त्या इमारतीच्या मुख्य दालनात निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांब, साडेचार टनांचा सांगाडा सूर मारण्याच्या पवित्र्यात टांगलेला आहे. त्या प्राण्याचं आयुष्य पाण्यात अधांतरी गेलं; त्याला अधांतरीच बघणं योग्य.

आमच्या धोट्यांकडे परत येते. जमिनीवर चौकटीएवढा कागद अंथरून त्यावर पूर्ण आकारात नकाशा काढला, १ ते १८० क्रमांक घातले. चौकट छातीच्या उंचीवर असतानाच सगळे दोरे जाळीला बांधले, प्रत्येकाला चिठ्ठी लावली आणि गुंता होऊ नये म्हणून त्याची गुंडाळी करून रबर लावलं. मग मामांनी चेनपुलीनं चौकट वर घेतली, इंचाइंचानं, चारही कोपरे सारखे ठेवत. पोलादी दोर हुकांना चढले. धोटे मागाहून खालून बांधले, मधल्या ओळीपासून दोन्ही बाजूंना, म्हणजे चौकट कलणार नाही. प्रत्येक ओळीच्या टोकाशी मामा ओळंबा सोडून कागदावरच्या क्रमांकाशी ताडून बघत होते. लेझर होतं जवळ, पण त्यांचा विश्वास ओळंब्यावर, आणि दोन्हींचं उत्तर सारखंच येत होतं. शेवटचा धोटा लागला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्या रात्री आम्ही दिवे लावले नाहीत. भार तसाच ठेवून कुलूप घातलं आणि दोन दिवसांनी येऊन मापं घेतली. कुठेच फरक नव्हता.

गॅलऱ्या आणि महोत्सव भरवणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. कलाकाराला निमंत्रण धाडताना सोबत छताचा नकाशा द्या: खरं छत किती उंचीवर आहे, तुळया कुठून जातात, कुठल्या बिंदूवर किती किलो चालेल. टांगणीसाठी वेगळे दिवस आणि वेगळे पैसे धरा. आणि कलाकृतीशेजारच्या पाटीवर, कलाकाराच्या नावाखाली, ती टांगणाऱ्याचंही नाव लिहा. मैत्रिणीनं तसं लिहिलं होतं. मामांनी त्या पाटीचा फोटो काढून गावी पाठवला.