गाडी चालते, थांबते का?

कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. डिसेंबर २०२१मध्ये मात्र ते वेगळ्याच कारणाने देशभर गाजलं. तिथल्या लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने मुलाची हौस म्हणून भंगारातून छोटी जीप उभी केली होती. रिक्षाची चाकं, डाव्या हाताला स्टिअरिंग, आणि सुरू करायला दुचाकीसारखी किक. खर्च ६० हजारांच्या आसपास. व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. त्यांनी तोंडभर कौतुक केलं आणि सोबत हेही लिहिलं, की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील. तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२मध्ये ही अदलाबदल झालीसुद्धा.

बोलेरोची बातमी सगळ्यांनी वाचली. अधिकारी गाडी का अडवतील, याची चर्चा फारशी झाली नाही. पारावरचं मत ठरलेलं असतं : पोरानं डोकं लढवलं आणि आरटीओ आडवा आला. सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्याला लोखंडाचा नाद जुना. देवराष्ट्र्यापासून जवळच १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली. इथल्या वर्कशॉपात काय वाट्टेल ते चालू करून देणारी माणसं आजही भेटतात. पण इंजिन चालू करणं हा गाडी बनवण्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. अवघड आहे ते थांबवणं, वळवणं आणि उतारावर आवरणं.

हिशेबापुरती घरी बनवलेली एक गाडी धरू. माणसांसकट वजन ६०० किलो, वेग ताशी ५० किलोमीटर. चांगले ब्रेक असतील तर ती साधारण १४ मीटरांत थांबेल. ब्रेक निम्म्या ताकदीचे असतील तर २८ मीटर लागतील. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी १४ मीटर गेलेले असतात, ते वेगळेच.

हीच गाडी पसरणी घाटातून खाली आणा. पाचगणी ते वाई हा उतार ५०० मीटरांहून जास्त उंचीचा आहे. एवढ्या उतरणीत गुरुत्वाकर्षण या गाडीला जी ऊर्जा देतं, ती ५०च्या वेगावरून गाडी एकदा थांबवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ५० पट भरते. तिचा बराच वाटा ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठतो. मोठ्या गाडीत खालचा गिअर टाकला की इंजिन थोडा भार उचलतं. दुचाकीच्या इवल्या इंजिनाची ती ऐपत नसते. लायनर तापतात, पकड सुटते आणि पेडल दाबलं तरी गाडी पळतच राहते. गावातल्या सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने नीट चाललेली गाडी असा दगा घाटातच देते.

वळणाचं गणित तर आणखी फसवं. दोन चाकांमधलं अंतर १ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर ३० मीटर त्रिज्येच्या कोरड्या वळणावर ५२च्या आसपास चाकं घसरू लागतील. उलटायला मात्र ५६ लागतील. म्हणजे गाडी आधी घसरते आणि चालवणारा घाबरून वेग कमी करतो. आता मागे चार पोरं उभी करा आणि गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर न्या. उलटण्याचा वेग ४६वर आला. आता घसरण्याआधीच गाडी कलंडणार, इशारा न देता. गाडी तीच, वळण तेच. फरक फक्त मागे उभ्या राहिलेल्या पोरांचा. स्प्रिंगांचं झुकणं आणि टायरचं दबणं धरलं तर खरे आकडे याहूनही खाली येतील.

आणि वेल्डिंग. स्टिअरिंगच्या सांध्याजवळचा जोड पहिल्या दिवशी घणाचा घावही सोसेल. पण प्रत्येक खड्ड्याचा हिसका टाक्याच्या कडेशी एकवटतो, तिथे केसाएवढी चीर पडते आणि हळूहळू आत सरकत राहते. वरून रंग शाबूत असतो.

या सगळ्याची तपासणी कोण करणार, हाच कायद्याचा सवाल आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीच्या नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावी लागते. त्यातल्या तीन संस्था आपल्याच राज्यात आहेत : पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई. त्यांचा दाखला नसेल तर नोंदणी नाही, म्हणजे एमएच-१० किंवा एमएच-११ची पाटी नाही. नोंदणी नसेल तर विमा नाही. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत, तो एक वेळ भरून होईल. पण धडकेत कुणी जायबंदी झालं तर भरपाई मालकाच्या घरादारावर येते.

‘माझ्याच शेतात फिरवतो’ ही पळवाटही वाटते तितकी रुंद नाही. नोंदणीचं कलम सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणत्याही जागी’ असंही म्हणतं. उत्तरेकडच्या जुगाड गाड्या मोटार वाहनच ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये स्पष्ट केलं. गंमत म्हणजे डावं स्टिअरिंग कायद्याला सरसकट वर्ज्य नाही. नियमात ठरवून दिलेलं इशारा देणारं साधन गाडीवर चालू असावं, एवढीच त्याची अट. मोकळीक आहे ती सायकलला मोटर लावणाऱ्यांना : २५० वॅटपेक्षा कमी शक्ती, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत वजन असेल तर ते मोटार वाहन धरलं जात नाही.

ऊस हंगामात रात्री रस्त्यावर येणाऱ्या ट्रॉल्या बघा. कित्येकींना स्वतःचा ब्रेक नसतो, मागे दिवा नसतो, उसाच्या पाल्याने रिफ्लेक्टर झाकलेला असतो. नोंदणी त्यांनाही लागते. देवराष्ट्र्याच्या जीपवर देशभर खल झाला. जास्त काळजी मला या ट्रॉल्यांची वाटते.

तरीही कायद्यात एक मोठी फट आहेच. चाचणीचे नियम लिहिले आहेत ते निर्माता आणि आयातदार यांना समोर ठेवून. हौसेने एकच गाडी बनवणारा माणूस त्यात कुठे बसतच नाही. हलक्या चारचाकींचा वेगळा वर्ग आपल्याकडे आहे, पण त्यात शिरायला बजाजसारख्या कंपनीलाही वाट पाहावी लागली. जानेवारी २०१२मध्ये दाखवलेली, पुढे क्यूट नावाने आलेली २१६ सीसीची गाडी खासगी वापरासाठी घेण्याची वाट मोकळी झाली ती २०१८मध्ये. लोहाराची काय कथा!

ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्याचा परवाना देण्याची रीत आहे. घरी जुळवलेल्या गाड्याही त्यातून जातात. आपल्याकडेही तीन संस्थांपैकी एकीने महिन्यातला एक दिवस अशा गाड्यांसाठी राखून ठेवावा, वाजवी शुल्क घ्यावं, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि झुकण्याची मर्यादा तपासावी आणि पास झालेल्या गाडीला ताशी ४० किलोमीटरच्या मर्यादेत, घाट आणि महामार्ग वगळून परवानगी द्यावी. अभियांत्रिकीची मुलं ‘बाहा’ स्पर्धेसाठी गाड्या बनवतात, तेव्हा मैदानात सोडण्याआधी परीक्षक ब्रेक दाबायला लावतात आणि चारही चाकं एकदम जाम होतात का ते बघतात. झाली नाहीत, तर गाडी परत दुरुस्तीला.